‘ओरिजिनल, मिंट कंडिशन’ असं लिहून पोस्टर विकलं, आणि त्यावर पिनकोड निघाला

पत्र्याची_ट्रंक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चूक माझी आहे हे आधीच कबूल करतो. पुढे काय करायचं तेवढं सांगा.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी थेटरात मॅनेजर होते. थेटर कधीच पडलं, तिथे आता मंगल कार्यालय आहे. अण्णा गेल्यावर माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तर घडी घातलेली एकशे चाळीसेक सिनेमाची पोस्टरं निघाली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. भाचा म्हणाला, मामा, याला लोक हजारांत पैसे देतात. त्यानेच इन्स्टावर पेज काढून दिलं.

पहिलं विकलं ते ‘सांगत्ये ऐका’चं. जाहिरात अशी होती:

“सांगत्ये ऐका (१९५९). १००% ओरिजिनल विंटेज पोस्टर. अत्यंत रेअर. मिंट कंडिशन. ३० × ४० इंच. किंमत रु. ६,५००.”

डोंबिवलीच्या एका निवृत्त मास्तरांनी घेतलं. आठ दिवसांनी त्यांचा फोन. आवाज अगदी शांत. म्हणाले, “खालच्या पट्टीत छापखान्याचा पत्ता आहे, तो जरा वाचून दाखवता का?” मी फोनवरचा फोटो मोठा करून वाचायला लागलो. पुणे, मग ४११, मग आणखी तीन आकडे. मास्तर म्हणाले, “पिनकोड कधी आला माहितीय?” माहीत नव्हतं. नंतर शोधलं. १५ ऑगस्ट १९७२.

मी म्हटलं, पण सिनेमा १९५९चाच आहे. ते म्हणाले, “ती सिनेमाची जन्मतारीख झाली. कागदाची कुठाय?”

मी जाणूनबुजून फसवलं नाही हो. पोस्टर थेटरातलं आहे, अण्णांच्या हातातलं आहे, मग ते ओरिजिनलच की. की नाही? आणि उरलेल्या पोस्टरांच्या जाहिरातीत काय लिहू?

---

रीळ_नंबर_सात

पोस्टर खरं आहे, तुमचं वाक्य खोटं आहे. दोन वेगळ्या गोष्टी.

‘सांगत्ये ऐका’ पुण्यात विजयानंद थेटरात अडीच वर्षं चालला. असा सिनेमा नंतर गावोगावी, जत्रेजत्रेत पुन्हापुन्हा लागणारच. दर वेळी वितरकाकडे जुना साठा शिल्लक असेलच असं नाही, मग नवीन छापून घ्यायचे. कधी जुन्याच चित्रावरून, कधी खर्च वाचवायला दोनच रंगांत. तुमचं पोस्टर अशा पुढच्या फेरीचं आहे. त्याला ‘रीरन’चं पोस्टर म्हणा. थेटरात लावण्यासाठीच छापलं होतं, त्यामुळे नकली नाही. पण १९५९चं नाही ते नाहीच, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

माझ्या लेखी पोस्टरांच्या जाती तीन. पहिल्या प्रदर्शनाचं, पुढच्या फेरीचं, आणि हल्ली शोभेसाठी छापलेलं. चौथं म्हणजे हाताने रंगवलेली नक्कल, ती वेगळीच वस्तू. ‘ओरिजिनल’ हा शब्द पहिल्या तिन्हींना लावलेला मी पाहिलाय. तिसऱ्यालासुद्धा! विचारलं तर उत्तर मिळालं, “ओरिजिनल प्रिंट आहे साहेब, झेरॉक्स नाही.”

---

जुनाबाजार

माझा हाच धंदा आहे, पंधरा वर्षं. आता शिव्या पडणार ते माहितीय, तरी लिहितो.

‘ओरिजिनल’ लिहिलं नाही तर गिऱ्हाईक उघडूनही बघत नाही. ‘रीरन’ लिहिलं की पहिला प्रश्न, म्हणजे डुप्लिकेट ना? शेजारचा तेच पोस्टर ‘ओरिजिनल रेअर’ म्हणून दुप्पट भावात विकतो आणि त्याचं खपतं. खरं बोलणाऱ्याने काय उपाशी राहायचं?

---

अनुस्वार

‘रेअर’ म्हणजे विकणाऱ्याकडे ते एकच आहे. ‘अत्यंत रेअर’ म्हणजे एकच आहे आणि फाटलेलं आहे.

धागाकर्त्यांना एक प्रश्न. ‘मिंट’ लिहिलंत, म्हणजे अगदी कोरंकरकरीत. जाहिरातीतला फोटो पाहिला (अजून काढलेला नाही तुम्ही!). चारपैकी तीनच कोपरे दिसतायत. चौथा कुठे गेला?

---

पत्र्याची_ट्रंक

ताई, चौथा कोपरा कसरीने खाल्लाय. बोटाच्या पेराएवढा. भाच्याने फोटो कापताना तो बाहेर ठेवला. मीही म्हटलं, बरं दिसतं. फोनमध्ये रंगही आपोआप उजळ आले होते, ते तसेच राहू दिले.

---

अनुस्वार

म्हणजे ‘जाणूनबुजून फसवलं नाही’ हे वाक्य आता थोडं खाली घ्यावं लागेल.

---

पत्र्याची_ट्रंक

घेतलं.

---

वकीलसाहिबा

कायद्याचं थोडक्यात. २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम सांगतात की वस्तू जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून हात झटकता येत नाहीत. घरातली एखादी वस्तू कधीमधी विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत, नियमितपणे धंदा म्हणून विकणाऱ्याला लागू आहेत. तुमच्याकडे एकशे चाळीस पोस्टरं आहेत आणि पेज काढलंय. तुम्ही कुठल्या बाजूला पडता यावर माझ्याशी वाद घालण्यापेक्षा पैसे परत द्या, स्वस्त पडेल. घेणाऱ्यांनी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवावा.

आणि ‘ॲन्टिक’ हा शब्द जपून वापरा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू म्हणजे निदान शंभर वर्षं जुनी, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर. सत्तरच्या दशकातलं पोस्टर ‘ॲन्टिक’ म्हणून विकणाऱ्यांना मी स्वतः ‘ॲन्टिक’ वाटायला लागलेय.

---

तांबडा_पांढरा

शंभर वर्षांचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूरचा उल्लेख आलाच पाहिजे. आज हाती असलेलं सगळ्यात जुनं भारतीय चित्र-पोस्टर म्हणून ज्याचं नाव घेतात ते ‘कल्याण खजिना’चं, १९२४. काढलं बाबूराव पेंटरांनी. आणि ‘मुघल-ए-आझम’च्या जाहिरातीची चित्रं रंगवणारे जी. कांबळेही आमचेच.

अवांतर वाटेल, पण मुद्दा आहे. हे सगळे हाताने काम करणारे चित्रकार. त्यांचं नाव जाहिरातीत क्वचित येतं. कोपऱ्यात सही असेल तर ती वाचून लिहा, आणि नसेल तर उगाच मोठं नाव चिकटवू नका. ‘अमक्यांच्या शैलीत’ हा तर सगळ्यात लबाड शब्दप्रयोग.

---

नवाकोरा२२

बेसिक प्रश्न. १९६०च्या आधीचे सिनेमे बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट ना? मग त्यांची पोस्टरं रंगीत दिसली की नकली समजायची का?

---

रीळ_नंबर_सात

नाही नाही. सिनेमा काळा-पांढरा असला तरी पोस्टर रंगवलेलंच असायचं. चित्रकार रंगात चित्र काढायचा, त्यावरून लिथोने, म्हणजे दगडावर किंवा पत्र्यावर चित्र उतरवून, छपाई व्हायची. नायिकेच्या गालाचा गुलाबी आणि खलनायकाच्या चेहऱ्याचा हिरवा, सगळं त्या चित्रकाराच्या डोक्यातलं.

खरं-खोटं बघायचं तर एक साधं दहापट भिंग घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. जुन्या लिथोत रंग दाणेदार, खडूने घासल्यासारखा दिसतो. ऑफसेटमध्ये ठिपक्यांच्या ओळी, जाळी. आणि हल्लीच्या इंकजेटमध्ये बारीक शिंतोडे, पिचकारी मारल्यासारखे. एकदा तिन्ही शेजारी ठेवून पाहिले की विसरायला होत नाही.

आणि सगळ्यात सोपी खूण, भिंगही नको. जुन्या पोस्टरचा स्कॅन काढून छापलेलं असेल तर मूळ पोस्टरच्या घड्या, सुरकुत्या, टाचणीची भोकंसुद्धा छापून येतात. घडीची पांढरी रेघ डोळ्याला दिसते, तिच्यावरून बोट फिरवा, बोटाला काहीच लागत नाही. भोक दिसतं, पण उजेडासमोर धरलं तर आरपार नसतं. मी असं एक साडेचार हजाराला घेतलेलं आहे. बैठकीत लावलंय, स्वतःला आठवण म्हणून.

---

गिरगावकर_जुना

पिनकोडसारख्या आणखी खुणा. १९७२ च्या आधी ‘मुंबई ४’, ‘पुणे २’ असे एकदोन आकडी विभाग लिहीत. लॅमिंग्टन रोडवर नाझ थेटराच्या आसपास वितरकांची ऑफिसं होती, त्यांच्या पत्त्यात तो ‘४’ हमखास. ‘४०० ००४’ असं असेल तर पिनकोडनंतरचं.

सेन्सॉरची ‘यू/ए’ श्रेणी १९८३ साली आली. १९७५च्या म्हणून सांगितलेल्या पोस्टरवर ‘यू/ए’ दिसलं तर नमस्कार करून पुढे जायचं.

‘मुघल-ए-आझम’ १९६०चा, पण पूर्ण रंगीत करून २००४ मध्ये पुन्हा लागला. त्या वेळची गुळगुळीत कागदावरची पोस्टरं ‘१९६० ओरिजिनल’ म्हणून विकायला काढलेली मी पाहिली आहेत. चव्वेचाळीस वर्षांचा फरक म्हणजे बापाच्या नावावर मुलगा खपवणं.

---

बंड्या_बे_एरिया

पत्त्यावरून आठवलं. मुंबई हे नाव अधिकृत झालं १९९५ ला ना? मग १९६०च्या पोस्टरवर ‘मुंबई’ छापलेलं असेल तर ते नंतरचं समजायचं?

---

गिरगावकर_जुना

इंग्रजीत छापलेलं असेल तर संशय घ्या, तिथे ‘बॉम्बे’च हवं. मराठीत आपण कायम मुंबईच लिहीत आलोय, बाळा. अमेरिकेत जाऊन एवढं विसरलास?

---

बंड्या_बे_एरिया

काका, शरणागती.

त्याची भरपाई म्हणून इकडचं सांगतो. इथे १९४० पासून ऐंशीच्या दशकापर्यंत बहुतेक हॉलिवूड पोस्टरं एकाच संस्थेमार्फत थेटरांत जायची, नॅशनल स्क्रीन सर्व्हिस. तिचा नंबर खालच्या समासात छापलेला असतो, वर्षासकट. सिनेमा पुन्हा लावला असेल तर वर्षाच्या आधी ‘आर’ हे अक्षर. त्यामुळे विकणाऱ्याला फार गोलगोल बोलता येत नाही, घेणारा पहिल्यांदा तो कोपराच मागतो. आणि त्या काळातली पोस्टरं घडी घालूनच पाठवायचे. घड्या असणं हा दोष धरत नाहीत, उलट साठच्या दशकातलं पोस्टर एकही घडी नसलेलं निघालं तर भुवया वर जातात. इथले गंभीर विक्रेते ‘मिंट’ शब्द सहसा वापरत नाहीत, किती भोकं, किती फाटलंय, मागून कापड लावलंय का, रंग भरलाय का, हे लिहितात.

---

जुनाबाजार

आपल्याकडे असा नंबर कुठाय? छापखान्याची पट्टी असते, तीसुद्धा फ्रेमवाला कापून टाकतो.

---

अनुस्वार

फ्रेमवाला की विक्रेता?

---

जुनाबाजार

दोघं. झालं समाधान?

खरं सांगतो, पूर्वी मीही कापलेली आहे. पट्टीवर ‘पुनर्प्रदर्शन’ असं छापलेलं होतं. २०१२-१३ सालची गोष्ट. ते पोस्टर घेणारे गृहस्थ आजही मला दिवाळीला फराळाचा फोटो पाठवतात, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. आता नाही करत. पण ‘ओरिजिनल’ अजून लिहितो, ते खोटं बोलणार नाही.

---

कागदी_वाघ

मी कागद दुरुस्तीचं काम करतो, म्हणून दोन शब्द.

पहिलं, सेलोटेप. कृपा करून लावू नका. दहा वर्षांत प्लॅस्टिक गळून पडतं आणि तपकिरी डाग उरतो, तो काढणं महाकर्मकठीण. धागाकर्त्यांनी लावली असेल तर विकताना लिहा.

दुसरं, दुरुस्ती लपवू नका. मागून मलमल किंवा जपानी कागद लावणं, गेलेल्या जागी रंग भरणं यात गैर काही नाही. माझं पोटच त्यावर आहे. पण माझ्याकडे पंचवीस टक्के गेलेलं पोस्टर येतं, मी ते उभं करतो, आणि महिन्याभराने तेच ‘अनटच्ड’ म्हणून विकायला दिसतं. घेणाऱ्याने तिरक्या उजेडात बघावं. भरलेला रंग वेगळा चमकतो.

तिसरं, नोटा तपासायचा निळा दिवा. नव्या कागदात शुभ्र दिसण्यासाठी रसायन घातलेलं असतं, ते या दिव्याखाली धुतलेल्या सदऱ्यासारखं चमकतं. ही रसायनं कागदात सर्रास यायला लागली ती पन्नासच्या दशकापासून. म्हणजे चाळीसच्या दशकातलं म्हणून दिलेलं पोस्टर लखलखलं तर गडबड आहे. उलट मात्र धरू नका. चमकलं नाही म्हणजे जुनंच, असं सिद्ध होत नाही.

आणि चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेला कागदही माझ्याकडे आलाय. वास घ्या. जुन्या कागदाला ट्रंकेचा, ओलीचा, डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. त्याला आल्याचा होता.

---

सुगरण_नाही

आल्याचा!! मेले.

---

पत्र्याची_ट्रंक

सगळ्यांचे आभार. काल रात्री मास्तरांना फोन केला. पिनकोड, फोटोतून कापलेला कोपरा, उजळलेला रंग, सगळं सांगितलं. म्हटलं, पोस्टर परत पाठवा, कुरिअरसकट सगळे पैसे देतो.

ते म्हणाले, थांबा, आधी मागची बाजू पाहिलीत का तुम्ही? मी म्हटलं, मागे पेन्सिलने काहीतरी गिरबटलेलं होतं, खराब दिसतं म्हणून फोटो काढला नाही. मास्तरांनी फोटो पाठवला. तसाच लिहून काढतो:

“७८ जत्रा. शनि. ३ ला १४८. ६ ला ३११. ९ ला हा. फु. + खुर्च्या २२.”

अण्णांचं अक्षर. त्यांचा ‘३’ असाच होता, खालची शेपटी लांब ओढलेली. घरच्या वाण्याच्या वहीत तोच आहे.

---

रीळ_नंबर_सात

अहो, हाच तर दाखला! पिनकोडवरून आपण फक्त ‘१९७२ नंतर’ एवढंच म्हणत होतो. तुमच्या वडिलांनी वर्ष लिहून ठेवलंय. १९७८ च्या जत्रेत लागलं होतं. आणि तुम्ही तेच ‘खराब’ म्हणून लपवलंत.

---

नवाकोरा२२

हा. फु. म्हणजे?

---

गिरगावकर_जुना

हाऊसफुल्ल रे. आणि वरून बावीस खुर्च्या मांडल्या मधल्या वाटेत. त्या खुर्च्यांचे पैसे मालकाला कळले असतील का, हा वेगळा धागा होईल.

---

पत्र्याची_ट्रंक

मी मास्तरांना म्हटलं, मला ते परत हवंय. आता पैशांचा प्रश्न नाही. तर मास्तर हसले. म्हणाले, “आता नाही मिळायचं. १९५९चं म्हणून घेतलं तेव्हा भिंतीवर लावलं होतं. आता दोन्ही बाजूंनी काचेची फ्रेम करायला टाकलीय.”

रीरनचा भाव काय धरावा ते जुनाबाजार यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं (त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आभार). अडीच हजार ठरले. उरलेले चार हजार मास्तरांना आज परत केले. मागच्या बाजूचा स्कॅन काढून पाठवतो म्हणालेत.

---

वकीलसाहिबा

कायद्याने तुम्हाला पोस्टर परत मागता येणार नाही, आधीच सांगते.

---

पत्र्याची_ट्रंक

माहितीये हो ताई.

जुनी जाहिरात काढून टाकली. आजपासून ट्रंकेतलं एकेक पोस्टर उलटंसुलटं करून बघतोय. दुसऱ्या पोस्टरची जाहिरात लिहिलीय, चुका काढा:

“हिंदी सिनेमाचं पोस्टर, ३० × ४० इंच, पट्टीने मोजलेलं. सिनेमा १९६४चा. पोस्टर त्या साली छापलेलं आहे की नंतर, सांगता येत नाही. छापखान्याची पट्टी आहे, पत्त्यात ‘मुंबई ४’, पिनकोड नाही. तीन उभ्या आणि तीन आडव्या घड्या, मधली घडी दोन इंच फाटलेली. वरच्या दोन्ही कोपऱ्यांना टाचणीची भोकं. डावीकडे खाली ओलीचा डाग, तळहाताएवढा. मी फाटलेल्या जागी मागून सेलोटेप लावली होती, मागच्या महिन्यात. ती चूक होती. फोटो दिवसाच्या उजेडात काढलेत, रंग बदललेले नाहीत, चारही कोपरे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका थेटराच्या साठ्यातलं, मॅनेजरच्या घरातून. रु. १,२००. वर्णनाप्रमाणे वाटलं नाही तर परत घेईन.”

---

कागदी_वाघ

सेलोटेप स्वतः ओढून काढू नका. घेणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

---

जुनाबाजार

बाराशे कमी लावलेत. पट्टी शाबूत आहे, अठराशे मागा. आणि ‘ती चूक होती’ हे जाहिरातीत कशाला? गिऱ्हाईक घाबरतं.

---

सुगरण_नाही

गिऱ्हाईक घाबरलेलं नाही. मला हवंय. अठराशे नको, बाराशेच. घडी घालून नको, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून पाठवा.

---

अनुस्वार

मागची बाजू?

---

पत्र्याची_ट्रंक

कोरी आहे, ताई. दोनदा पाहिली.